हुकूम आणि तामिली



ज्या वासंतिक व्याख्यानमालांतून वेदान्तापासून अर्थकारणापर्यंतच्या विषयांचे विवेचन आपण पिढ्यान् पिढ्या ऐकत आलो, त्यांपैकी एका मालेत संगणकाच्या कॅबिनेटातील पंख्यावर बोलण्यास उभे राहणे कित्येकांना अप्रस्तुत वाटेल, याची मला जाणीव आहे. परंतु आपली दफ्तरे, हिशेबाच्या वह्या आणि जमिनीचे उतारे आज ज्या यंत्राच्या स्वाधीन झाले आहेत, त्या यंत्राचा श्वासोच्छ्वास ज्या वीतभरही नसलेल्या पात्यांवर चालतो, त्या पात्यांपर्यंत हुकूम कसा पोहोचतो आणि वाटेत कोठे हरवतो, हे प्रत्येक सुजाण माणसाने समजून घ्यावे असे मला मनापासून वाटते.

गेल्या हिवाळ्यात आमच्या गावच्या वाचनालयातून मला बोलावणे आले. पुस्तकांच्या देवघेवीची नोंद ठेवणारा तेथील संगणक सकाळी सुरू केल्यापासून रात्री कुलूप लावीपर्यंत पिठाच्या गिरणीसारखा घरघरत असे, आणि शेजारच्या मेजावर वाचीत बसणारी वृद्ध मंडळी त्या आवाजाने उठून जाऊ लागली होती. ग्रंथपालबाई म्हणाल्या, “काका, बायोसमध्ये जाऊन याचा वेग चाळीस टक्क्यांवर ठेवला, तरी हा पंखा ऐकतच नाही.” बायोस म्हणजे यंत्राच्या मूळ मांडणीचा पडदा. बाईंनी सहज उच्चारलेला ‘ऐकत नाही’ हा शब्दप्रयोग किती यथार्थ होता, ते कॅबिनेटची बाजू उघडताच कळले. मदरबोर्डावरच्या खुंटीला पिना होत्या चार, आणि पंख्याच्या तारा होत्या तीन.

या तारांचा कारभार थोडा विस्ताराने सांगतो, कारण साऱ्या प्रकरणाचे मूळ तेथेच आहे. पहिली तार विजेच्या परतीची, दुसरी 12 व्होल्टांच्या पुरवठ्याची. तिसरी तार पंख्याकडून बोर्डाकडे येते. पाते एक फेरा पूर्ण करते तेव्हा तिच्यातून दोन स्पंद निघतात, म्हणून सेकंदाला 40 स्पंद मोजले गेले तर पंखा मिनिटाला 1200 फेरे घेत आहे, असा अहवाल बोर्डाच्या दफ्तरी दाखल होतो. चौथी तार हुकमाची. पीडब्ल्यूएम म्हणतात त्या पद्धतीत पुरवठा अखंड 12 व्होल्टच राहतो, आणि चौथ्या तारेवरून सेकंदाला सुमारे 25,000 वेळा चालू-बंद अशी खूण केली जाते. प्रत्येक खुणेत ‘चालू’चा वाटा किती, यावर पंखा आपला वेग ठरवितो. ही वारंवारता माणसाच्या श्रवणमर्यादेच्या, म्हणजे 20,000 च्या, वर मुद्दाम ठेवलेली आहे. अन्यथा हुकमाचीच शीळ आपल्या कानी आली असती. तीन तारांच्या पंख्याला मात्र ही भाषा अवगत नसते. त्याला हळू चालवावयाचे तर पुरवठ्याचा दाबच उतरवावा लागतो, आणि त्या रीतीला बायोसमध्ये डीसी असे नाव असते.

वाचनालयातल्या बोर्डाची ती खुंटी पीडब्ल्यूएमवर लावलेली होती. चाळीस टक्क्यांचे फर्मान चौथ्या पिनेवर इमानाने निघत होते, पण त्या पिनेला पंख्याची तारच लागत नव्हती. पंख्यापर्यंत पोहोचत होते ते पूर्ण 12 व्होल्ट. चार तारांच्या पंख्याची हुकमाची तार तुटली तरीही हाच परिणाम होतो, कारण हुकूम मिळेनासा झाला की पूर्ण शक्तीने चालावे, अशीच त्याची रचना असते. ज्यांनी ही तरतूद केली त्यांच्या दूरदृष्टीविषयी मला आदर वाटतो. कानाला उपद्रव झाला तरी चालेल, यंत्र भाजून निघता कामा नये, हा त्यामागचा विचार आहे.

खुंटी डीसीवर आणली, आणि गिरणी बंद पडली. परंतु पंखाही बंद पडला. जाळीसमोर कागदाची बारीक पट्टी धरली, ती हलेना. चाळीस टक्के म्हणजे 4.8 व्होल्ट, आणि तेवढ्या दाबावर स्थिर असलेले पाते उठत नव्हते. येथे थांबून निरीक्षण करण्यासारखे पुष्कळ होते. दाब हळूहळू चढविला, तेव्हा पाते प्रथम नुसते थरथरले, सात व्होल्टांच्या आसपास एकदम गिरकी घेऊन चालू लागले, आणि मग दाब पुन्हा पाचापर्यंत उतरविला तरी चालतच राहिले. चालू होण्यास लागणारा दाब आणि चालत राहण्यास लागणारा दाब हे असे भिन्न असतात; पंखा चालताना पाहून ज्याने किमान मर्यादा ठरविली, त्याचा पंखा दुसऱ्या दिवशी सकाळी जागचा हलत नाही. आम्ही ती साठ टक्के ठरविली.

तरीही प्रकरण मिटले नाही. आता आवाज दर काही सेकंदांनी चढे आणि उतरे, आणि अशी लहर एकसारख्या घरघरीहून अधिक त्रासदायक असते. कॅबिनेटचा हा पंखा प्रोसेसरच्या तापमानाकडे पाहून वेग बदलत होता, आणि प्रोसेसर तर एखादी यादी उघडताच क्षणात पंधरावीस अंशांनी तापतो व तितक्याच त्वरेने निवतो. नियंत्रक फार उतावळा असला की तो ज्याचे नियंत्रण करावयाचे त्यालाच हेलकावे देऊ लागतो, हे तत्त्व जुने आहे. जेम्स वॅटने 1788 मध्ये वाफेच्या यंत्राला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर बसविला, आणि अशा यंत्रांतील हेलकाव्यांचे गणित जेम्स क्लार्क मॅक्सवेलने 1868 मध्ये मांडले. आम्ही पंख्याची नजर प्रोसेसरवरून काढून बोर्डाच्या संथपणे बदलणाऱ्या तापमानाकडे वळविली, आणि वेग बदलण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची मुदत घातली. लहर शमली.

खुंटीचा विषय निघालाच आहे, म्हणून सांगतो: एका खुंटीवर दुफाटा लावून दोन पंखे जोडणाऱ्यांनी अहवालाची तार एकाच पंख्याची जोडावी, नाहीतर दोघांचे स्पंद मिसळून भलताच आकडा दिसेल. आणि बहुतेक खुंट्यांची मर्यादा एक अँपिअर असते, तेव्हा पंख्यांवर छापलेल्या आकड्यांची बेरीज आधी करावी.

चैत्र सरताना मी पुन्हा त्या वाचनालयात गेलो, कारण माघातल्या थंडीत ठरविलेला वेग वैशाखाला पुरत नाही. खोलीतली हवाच चाळीस अंशांवर गेली, तर त्याच हवेवर चालणाऱ्या कॅबिनेटला त्याखाली निवणे अशक्य आहे. जाळीवरची धूळ मऊ कुंचल्याने काढली, वरच्या तापमानांसाठी वेग वाढवून ठेवला, आणि पडद्यावरच्या फेऱ्यांच्या आकड्याची कागदाच्या पट्टीशी पुन्हा रुजवात घातली. मग ग्रंथपालबाईंनी पुस्तकांना लावतात त्यातलेच एक कोरे कार्ड घेतले, त्यावर ‘तीन तारा, डीसी, किमान साठ टक्के’ असे लिहून खाली तारीख घातली आणि ते कॅबिनेटच्या झाकणाला आतल्या बाजूने चिकटविले.