सुटलेल्या पेशीची गोष्ट



हे संमेलन पोलादपूर तालुक्यातल्या कापडे गावी भरले आहे. तानाजी मालुसऱ्यांचे उमरठ याच तालुक्यातले, त्यामुळे पाहुणे इतिहास ऐकायच्या तयारीने आले असतील. स्वागत समितीने मात्र विषय निवडला आहे तो नुसत्या डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशीचा: आधार सुटला की ती मरते कशी?

आतड्याच्या अस्तरातली पेशी तिच्याखालच्या पातळ पडद्याला इंटिग्रिन नावाच्या प्रथिनांनी धरून बसलेली असते. ही पकड नुसती चिकटण्यापुरती नसते. तिच्यातूनच ‘जगत राहा’ असा निरोप पेशीला सतत मिळत असतो. पकड सुटली की निरोप बंद. मग मायटोकॉन्ड्रियातून सायटोक्रोम सी बाहेर पडते, कॅस्पेज ही विकरे प्रथिने कातरू लागतात, पेशी आक्रसते, तिचे तुकडे होतात आणि आजूबाजूच्या पेशी ते गिळून टाकतात. ना सूज, ना पू.

रक्तपेशी याला अपवाद. वाहत राहणे हेच त्यांचे काम.

1994 साली अमेरिकेत स्टीव्हन फ्रिश आणि हंटर फ्रान्सिस यांनी कुत्र्याच्या मूत्रपिंडातल्या पेशींना चिकटायला जागाच ठेवली नाही. त्या मेल्या. कर्करोगाचे जनुक घातलेल्या तशाच पेशी मात्र तगल्या. सुटल्यावर येणाऱ्या या मरणाला त्यांनी अनॉइकिस म्हटले. ते चुकवणाऱ्या पेशीच रक्तातून प्रवास करून दुसऱ्या अवयवात कर्करोगाचे ठाणे मांडू शकतात.

असे प्रयोग करायचे तर पेशी शरीराबाहेर वाढवता आल्या पाहिजेत. भारतातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली पुण्यात जन्मलेल्या डॉ. कमल रणदिवे यांनी, मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये. डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या त्या विद्यार्थिनी. 1982 साली त्यांना पद्मभूषण मिळाले. त्या रिसर्च सेंटरचा वारसा चालवणारे टाटा मेमोरियलचे ॲक्ट्रेक हे कर्करोग संशोधन केंद्र आज खारघरला, म्हणजे आपल्याच रायगड जिल्ह्यात आहे.

दुपारच्या सत्रात विद्यार्थी गालाच्या आतला भाग दातकोरणीने हलकेच खरवडून, निघालेल्या थरावर मिथिलीन ब्लू या रंगाचा थेंब टाकून स्वतःच्या पेशी पाहतील. तंबाखूची पुडी खिशात बाळगणाऱ्या मोठ्यांनीही त्या रांगेत उभे राहावे, अशी समितीची विनंती आहे. तोंडाच्या कर्करोगाची सुरुवात याच अस्तरात होते. सूक्ष्मदर्शक मोजकेच आहेत, तेव्हा जेवण उरकून वेळेवर यावे.