गर्भवतीचे ताट आणि कुटुंबाचे कर्तव्य

(देवस्थानच्या वार्षिक उत्सवानिमित्त सभामंडपात झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



उत्सवाच्या पवित्र दिवसांत श्रींच्या सभामंडपात आहाराचा विषय मांडावा, हे प्रथमदर्शनी काहीसे अप्रस्तुत वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या देवस्थानाच्या नित्यक्रमात नैवेद्याला मानाचे स्थान आहे आणि ज्याच्या उत्सवाची सांगता समाराधनेने होते, त्याच्या मंडपात अन्नाचा विचार परका ठरू नये. शिवाय महाजनपण हे वंशपरंपरेने चालत येणारे दायित्व आहे. ते पुढे ज्या पिढीच्या खांद्यावर जायचे, तिच्या पहिल्या नऊ महिन्यांची बेगमी कशी होते, हा प्रश्न महाजन कुटुंबांच्या जिव्हाळ्याचाच म्हटला पाहिजे.

गोमंतकातील हिंदू घरांत गर्भवतीला फुले माळण्याचा सोहळा मोठ्या हौसेने होतो. त्या दिवशी सुवासिनी जमतात, ओटी भरतात, तिच्या आवडीचे पदार्थ आठवून आठवून तिच्या पुढ्यात मांडतात. दुसरा दिवस उजाडतो आणि पुष्कळ घरांत तीच सून सर्वांची जेवणे आटोपल्यावर, भांड्यांत जे उरले असेल त्यावर भागवते. डाळीचा दाटपणा पहिल्या पंगतीत संपलेला असतो. हुमणातील मासळी गेलेली असते आणि रस तेवढा राहिलेला असतो. भात मात्र हवा तेवढा असतो. तो खाऊन ती उठते. तिला कोणी उपाशी ठेवले असे म्हणता येणार नाही, आणि ती पुरेशी जेवली असेही म्हणता येणार नाही. एका दिवसाचा सोहळा आणि सुमारे २८० दिवसांचे ताट यांतील हे अंतर कसे भरून काढावे, हाच आजच्या विवेचनाचा विषय.

प्राचीनांनी या बाबतीत हयगय केलेली दिसत नाही. चरकसंहितेच्या शारीरस्थानात गर्भिणीच्या आहाराची महिन्यागणिक योजना सांगितली असून तीत दूध, लोणी आणि तूप यांना प्राधान्य आहे. गर्भिणीला दोन हृदये असतात, एक तिचे आणि एक गर्भाचे, म्हणून तिच्या इच्छा डावलू नयेत, असे आयुर्वेद मानतो. डोहाळे या शब्दाचे मूळही याच कल्पनेत शोधले जाते. कालिदासाच्या रघुवंशात सुदक्षिणा राणीला मातीचे डोहाळे लागतात आणि दिलीप राजा तिच्या मनात काय आहे ते तिच्या सख्यांना पुन्हा पुन्हा विचारतो. आजचा वैद्य मातीचे डोहाळे ऐकले की आधी रक्तातील लोह तपासून घेईल. पण राजाने विचारणा केली, ही गोष्ट आजही अनुकरणीय आहे.

असे असता गर्भवतीने बेताने खावे, अधिक खाल्ले तर मूल मोठे होते आणि बाळंतपण अडते, ही समजूत घराघरांत कशी रुजली? तिला केवळ अडाणीपणा म्हणून उडवून लावणे न्यायाचे होणार नाही. ज्या काळी बाळंतपण घरातील अंधाऱ्या खोलीत सुईणीच्या हातून होत असे, शस्त्रक्रियेची सोय नव्हती आणि रक्त देण्याची व्यवस्था नव्हती, त्या काळी अडलेले बाळंतपण म्हणजे बहुधा मृत्यूच. वडीलधाऱ्या स्त्रियांनी तो डोळ्यांनी पाहिला होता. त्या भीतीतून निघालेला तो उपाय होता. परंतु आज गोमंतकात बाळंतपणे रुग्णालयांत होतात आणि अडचण उद्भवल्यास उपाय हाताशी असतो. भीतीचे कारण गेले. उपाय मात्र मागे राहिला, आणि आता त्याचाच अपाय होत आहे.

तो अपाय कोणता हे नीट समजून घ्यावे. जन्मतः २५०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाचे मूल कमी वजनाचे समजले जाते. अशा अर्भकाला जंतुसंसर्गाचा आणि थंडावा सोसण्याचा त्रास अधिक, आणि पहिल्या महिन्यातील धोकाही अधिक. गोष्ट इथेच संपत नाही. १९८० नंतरच्या दशकात इंग्लंडमधील डॉ. डेव्हिड बार्कर यांनी असे दाखवून दिले की, जन्मतः कमी वजन असलेल्यांना उतारवयात हृदयविकार अधिक प्रमाणात जडतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ साली पुणे जिल्ह्यातील सहा खेड्यांत गर्भवतींचा अभ्यास आरंभिला. त्या मातांचे गर्भापूर्वीचे सरासरी वजन जेमतेम ४२ किलो आणि त्यांच्या बाळांचे सुमारे २.७ किलो होते. ही बाळे दिसावयास कृश, पण त्यांच्या अंगी मांस कमी आणि मेद त्या मानाने अधिक असल्याचे आढळले. पुढे मधुमेहाकडे झुकणाऱ्या शरीराचा पाया असा मातेच्या उदरातच पडतो, असे या संशोधकांचे मत आहे. ज्या मातांच्या आहारात पालेभाजी, फळे आणि दूध अधिक वेळा होते, त्यांची बाळे आकाराने चांगली भरली, ही त्याच अभ्यासातील आशादायक नोंद. घराघरांतील मधुमेहाचा हिशेब मांडताना या खात्याकडे दुर्लक्ष करून चालणार नाही.

आता वजनाचा जमाखर्च पाहू. नऊ महिन्यांत वाढणारे वजन म्हणजे निव्वळ स्थूलता, असा गैरसमज शिकलेल्या मुलींतही आढळतो. सुमारे १२ किलो वाढ झाली असे धरले तर तिची विभागणी अशी: बाळ सव्वातीन किलोच्या आसपास, वार सुमारे ६५० ग्रॅम, गर्भजल ८०० ग्रॅम, गर्भाशयाची वाढ जवळजवळ १ किलो, स्तनांची वाढ सुमारे ४०० ग्रॅम, वाढलेले रक्त आणि शरीरातील अन्य द्रव मिळून अडीच ते पावणेतीन किलो, आणि उरलेली साधारण सव्वातीन किलो चरबी. ही चरबीही व्यर्थ नाही. बाळंतपणानंतर दूध तयार होण्यासाठी निसर्गाने घातलेली ती ठेव आहे.

ही वाढ सर्वांना सारखी नसावी. वजनाच्या किलोंना उंचीच्या मीटरांच्या वर्गाने भागले की शरीराचा निर्देशांक मिळतो. दीड मीटर उंचीच्या आणि ४५ किलो वजनाच्या स्त्रीचा निर्देशांक २० येतो. तो ठीक आहे. तिचे वजन ४० किलो असते तर तो १७.८ आला असता, म्हणजे ती कृश ठरली असती. अशा सर्वसाधारण प्रकृतीच्या स्त्रीचे वजन १० ते १२ किलो वाढावे, अशी आपल्या देशात अपेक्षा धरतात. अमेरिकेतील इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन या संस्थेने २००९ साली निर्देशांकानुसार मर्यादा सांगितल्या. त्यांप्रमाणे १८.५ च्या खालील कृश स्त्रीने १२.५ ते १८ किलो, तर २५ ते ३० मधील स्त्रीने ७ ते ११.५ किलो वाढवावे. तात्पर्य, जी कृश तिने अधिक आणि जी स्थूल तिने बेताने. कोणी किती, हे तपासणी करणाऱ्या डॉक्टरांकडून पहिल्या भेटीतच ठरवून घ्यावे आणि प्रत्येक तपासणीच्या वेळी वजनाची नोंद ठेवावी. आठवड्याभरात वजन एकाएकी वाढले, चेहरा वा हात सुजले, डोके सतत दुखू लागले, तर तो रक्तदाबाचा इशारा असू शकतो. अशा वेळी वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

यापुढे प्रथिनांचा प्रश्न. गर्भाचे स्नायू, त्याचे अवयव आणि मातेचे वाढते रक्त ही सारी प्रथिनांची बांधणी आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे ५५ किलो वजनाच्या स्त्रीला एरवी दररोज सुमारे ४६ ग्रॅम प्रथिने लागतात. गर्भाच्या चौथ्या ते सहाव्या महिन्यांत त्यांत ९.५ ग्रॅमची, आणि शेवटच्या तीन महिन्यांत २२ ग्रॅमची भर पडली पाहिजे. उष्मांकांची वाढ मात्र ३५० इतकीच. यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. दोन जिवांसाठी दुप्पट खावे, हे वचन खरे नाही. आणि बेताने खावे, हेही खरे नाही. लागते ती एका लहानशा जास्तीच्या जेवणाची भर, आणि ते जेवण भाताचे नव्हे, प्रथिनांचे.

शाकाहारी दिवसाचा हिशेब मांडून पाहावा. दोन्ही वेळचा भात आणि पेज मिळून पाव किलो तांदळातून १८ ते २० ग्रॅम, पातळ वरणातील मूठभर डाळीतून ७, भाजीतून ३-४ आणि चहातील दुधातून २-३, अशी ३३ ग्रॅमांच्या आसपास बेरीज होते. गरज शेवटच्या महिन्यांत ६८ ग्रॅमांची. ही तूट महागड्या डब्यांवाचून बहुतांशी भरून निघते. वरण दाट करून एक वाटी वाढविली तर ७ ग्रॅम, वाटीभर मुगागाठींचे ७, पेलाभर दुधाचे ६ ते ७, वाटीभर दह्याचे ४ ते ५ आणि मूठभर शेंगदाणे गुळाबरोबर खाल्ले तर आणखी ७. तांदळाच्या प्रथिनांत जो घटक उणा तो डाळीत विपुल असतो. म्हणून वरणभात ही जोडी पूर्वजांनी उत्तम जमविली, फक्त वरण पाण्यासारखे नसावे. अळसांदे आणि कुळीथ ही तर घरची धने. नाचणीच्या तिझणातून चुना, म्हणजे कॅल्शियम, भरपूर मिळतो.

मत्स्याहारी घरांत हे काम अधिक सोपे. १०० ग्रॅम मासळीत १८ ते २० ग्रॅम प्रथिने असतात. तारले आणि बांगडे ही स्वस्त मासळी यांत कोणत्याही उंची मासळीच्या मागे नाही. मोरीसारखी मोठी मासळी पाऱ्याच्या अंशामुळे या दिवसांत टाळावी आणि तिसऱ्या-सुंगटे नीट शिजवूनच घ्यावीत. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने असतात. खरी अडचण येते ती श्रावणात. मासळी वर्ज्य होते, सोमवार येतात, उपवास येतात, आणि मासळीची जागा घेण्यास काहीच येत नाही. साबुदाण्यात प्रथिने नाममात्र. व्रत पाळणाऱ्या घरांनी श्रावणात गर्भवतीच्या ताटात मूग, अळसांदे, दूध आणि दही यांची दुप्पट तरतूद करावी, आणि उपवासाचा आग्रह तिच्यापुरता सोडावा. तिच्या उदरातील जीव उपवास धरीत नाही.

प्रथिनांबरोबर लोहाचीही जोड हवी. २०१९ ते २०२१ या काळातील राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गर्भवती, शेकडा ५२, रक्तक्षयी आढळल्या. या संदर्भात मुंबईचा एक इतिहास स्मरणीय आहे. १९२८ साली लुसी विल्स या इंग्रज विदुषी गिरणी कामगार स्त्रियांच्या गर्भावस्थेतील रक्तक्षयाचा शोध घेण्यास मुंबईस आल्या. यीस्टच्या अर्काने त्या स्त्रियांचा रक्तक्षय बरा होतो, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य ते फॉलिक आम्ल. पुढे ते पालकाच्या पानांतूनही वेगळे काढण्यात आले. सरकारी केंद्रांत मिळणाऱ्या लोह-फॉलिक गोळीचे एक मूळ असे मुंबईच्या गिरणगावात आहे. ती गोळी चुकवू नये आणि चहाबरोबर घेऊ नये. तांबडी भाजी, शेवग्याचा पाला आणि ताटात लिंबाची फोड असावी.

प्रथिने हितकर म्हणून ती कितीही घ्यावीत, असे मात्र नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ साली, जेथे कुपोषण आहे तेथे समतोल पूरक आहाराची शिफारस केली. केवळ अतिप्रथिनांच्या पूरकांची शिफारस मात्र केली नाही. जाहिरातीतील डबे वैद्यांनी सांगितल्यावाचून आणू नयेत.

आणखी एक विचार. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मुंबईतील एका प्रयोगात पालेभाजी, फळे व दूध यांचा खाऊ स्त्रियांना गर्भधारणेच्या आधीपासून दिला होता. ज्या माता अगदी कृश नव्हत्या, त्यांच्या बाळांचे वजन त्याने वाढले. फार कृश असलेल्यांना मात्र तो लाभ मिळाला नाही. नऊ महिन्यांत सारी तूट भरून निघत नाही, असा याचा अर्थ. म्हणून ताटाची काळजी सुनेपासून नव्हे, लेकीपासून सुरू झाली पाहिजे.

सज्जनहो, यांतले काहीही खर्चाचे नाही. खर्च आहे तो फक्त सवय मोडण्याचा. नैवेद्य दाखविण्याआधी घरात कोणी घास घेत नाही. हा क्रम कोणाला जाचक वाटत नाही, कारण त्यामागे श्रद्धा आहे. त्याच श्रद्धेने नैवेद्यानंतरचे पहिले ताट घरातील गर्भवतीचे असावे. डाळ तळातून ढवळून तिला वाढावी, मासळीचा तुकडा आधी तिच्या ताटात पडावा, आणि तिने नको म्हटले तर सासूने आग्रह करावा. समाराधनेच्या वेळीही गर्भवती आणि लेकुरवाळ्या स्त्रियांना पहिल्या पंगतीत बसविण्याचा शिरस्ता देवस्थान समितीने घालावा. एवढा एक ठराव जरी झाला, तरी हा उत्सव सार्थकी लागला असे म्हणता येईल.

महाजनांच्या घराघरांत सुदृढ संतती नांदो आणि तिला जन्म देणाऱ्या मातांचे ताट सदैव भरलेले राहो, हीच श्रीचरणी प्रार्थना.