घरचे दप्तर

जुन्या काळी जाणत्या घरात एक दप्तर असे. कापडी रुमालात बांधलेल्या त्या कागदांत वतनाच्या सनदा असत, शेताचे हिशेब असत, देण्याघेण्याच्या याद्या असत. आणि त्यांतच कुठे तरी एखाद्या पूर्वजाने परमुलखातून पाठविलेले पत्रही असे. इतिहासाचार्य राजवाडे गावोगाव हिंडले, ते अशाच रुमालांच्या शोधात. १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड बाहेर पडू शकला, तो कुणी तरी घरचे कागद पिढ्यान् पिढ्या राखले होते म्हणूनच. जे राखले गेले नाहीत, ते वाळवीने खाल्ले किंवा रद्दीत गेले.

आज घरोघरचे दप्तर कागदाचे राहिलेले नाही. सुरत जिल्ह्यातील चलथाणचेच उदाहरण घ्यावे. उधना-जळगाव लोहमार्गावरचे हे गाव सहकारी साखर कारखान्यामुळे ओळखले जाते. आसपास कडोदरा-पलसाणा भागात कापडाच्या रंगाई-छपाईचे कारखाने आहेत. याच लोहमार्गाने नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर या बाजूची असंख्य खानदेशी कुटुंबे सुरतेकडे आली. अशा कुटुंबाचा एक पाय इकडे असतो, तर दुसरा गावी. शेताचा सातबारा खानदेशातला, मुलाचा शाळेचा दाखला गुजरातेतला. बहिणीच्या लग्नाची चित्रफीत, आजीने अहिराणीत म्हटलेल्या ओव्यांचे ध्वनिमुद्रण, हे सारे एका मोबाइलमध्ये साठलेले. तो मोबाइल गर्दीच्या गाडीत हरवला, की घराच्या तीन पिढ्या त्याच्याबरोबर जातात.

ही भीती काल्पनिक नव्हे. ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सोडलेले पाणी तापीच्या पात्रात मावेनासे झाले आणि सुरत शहराचा फार मोठा भाग पाण्याखाली गेला. पूर ओसरल्यावर भांडीकुंडी पुन्हा घेता येतात. भिजून एकमेकांस चिकटलेली छायाचित्रे मात्र पुन्हा मिळत नाहीत.

यावर कुणी म्हणेल, दूरच्या कंपनीच्या साठवणीत सर्व काही ठेवावे, म्हणजे झाले. ती सोय चांगली आहे. पण ती भाड्याची खोली आहे. मालकाने अटी बदलल्या, की भाडेकरूस त्या मान्य कराव्या लागतात. गूगल फोटोज्‌वरची विनामूल्य अमर्याद साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली, तेव्हा हा अनुभव अनेकांना आला. स्वतःच्या घरात स्वतःचे कोठार असावे, ही इच्छा म्हणूनच पुष्कळांच्या मनात बळावू लागली आहे.

असे कोठार पूर्वी सामान्य माणसाच्या आवाक्यातले नव्हते. १९५६ साली आयबीएम कंपनीने पहिली चकती-साठवण बाजारात आणली, तेव्हा तिच्यात पन्नास मोठ्या चकत्या होत्या, ती कपाटाहून मोठी होती, आणि तिच्यात सुमारे पन्नास लक्ष अक्षरे मावत. आजच्या मोबाइलने काढलेले एखादेच छायाचित्र तिच्यात बसले असते! उलट २०१२ साली इंग्लंडमधील केंब्रिज येथून ‘रास्पबेरी पाय’ नावाचा संगणक निघाला, तो एकाच पाटीवर मावणारा. लांबी ८५ आणि रुंदी ५६ मिलिमीटर. मुलांना संगणकाची आज्ञावली लिहिता यावी, हा त्याचा मूळ हेतू. २०१९ मध्ये आलेल्या त्याच्या चौथ्या आवृत्तीत वेगवान नेटवर्क आणि वेगवान यूएसबी या दोन्ही सोयी झाल्या आणि घरगुती साठवणीच्या कामास तो खऱ्या अर्थाने योग्य ठरला.

मांडणी साधी आहे. संगणकाच्या यूएसबी खाचेत एक टेराबाइटची एसएसडी जोडावी, तार राउटरला लावावी. छायाचित्र सरासरी चार मेगाबाइटचे धरले, तर एवढ्या जागेत सुमारे अडीच लक्ष छायाचित्रे राहतील. लिनक्स ही प्रणाली विनामूल्य मिळते. तिच्यावर ‘सांबा’ ही आज्ञावली चढविली, की घरातील प्रत्येक मोबाइल आणि संगणक त्या साठवणीशी बोलू लागतो. आज्ञा टंकण्याचा ज्याला कंटाळा, त्याच्यासाठी ‘ओपनमीडियाव्हॉल्ट’ आहे. त्यात बहुतेक कामे पडद्यावरच्या चौकटींतून उरकतात.

हा सर्व्हर आवाज करीत नाही, हे त्याचे वैशिष्ट्य. फिरत्या चकतीची हार्ड डिस्क मिनिटास पाच-सात हजार फेऱ्या घेते आणि रात्रीच्या शांततेत तिची घरघर जाणवते. एसएसडीत हलणारा भागच नसतो. पंख्याऐवजी ॲल्युमिनियमची पेटी वापरावी. ती स्वतःच उष्णता बाहेर टाकते. कारखान्यांच्या परिसरात याचा दुसराही लाभ आहे, कारण पंखा वाऱ्याबरोबर धूळही आत ओढतो. मात्र उन्हाळ्यात ही पेटी बंद कपाटात कोंडू नये. विजेचा खर्चही अल्प. सारे मिळून आठ वॅट धरले, तर महिन्याला सहा युनिटही होत नाहीत. साठ वॅटचा जुना संगणक अखंड चालविल्यास त्रेचाळीस युनिट लागतात.

चुका होतात त्या बहुधा काटकसरीने. मोबाइलचा जुना चार्जर लावला, तर वीज अपुरी पडते आणि साठवण मध्येच तुटते. प्रणाली लहानशा मेमरी कार्डावर ठेवली, तर सततच्या लेखनाने कार्ड झिजते. ती एसएसडीवरच असावी. वीज अवचित गेली, की अर्धवट लिहिलेली नोंद बिघडते, म्हणून छोटा यूपीएस हवा. परवलीचा शब्द अवघड असावा, आणि बाहेरच्या इंटरनेटसाठी हे दार उघडू नये.

परंतु सर्वांत मोठी चूक निराळीच आहे. सर्व्हर उभा राहिला, म्हणजे दप्तर सुरक्षित झाले, असे मानणे ही ती चूक. दोन डिस्क जोडून एकीची हुबेहूब नक्कल दुसरीवर ठेवली, तरी चुकून पुसलेले छायाचित्र दोन्हींवरून एकाच क्षणी पुसले जाते. आणि पूर आला, तर दोन्ही एकाच पाण्यात बुडतात. खरी दुसरी प्रत दुसऱ्या गावी असली पाहिजे. त्यासाठी मात्र साधी फिरती हार्ड डिस्कच घ्यावी, कारण एसएसडी दीर्घकाळ विजेवाचून पडून राहिली, तर तिच्यातील मजकूर क्षीण होण्याचा संभव असतो. दिवाळीला गावी जाताना ताजी प्रत न्यावी, गेल्या खेपेची परत आणावी. आणि तिच्यातील चार कागद उघडून पाहावेत, कारण न तपासलेली प्रत असून नसल्यासारखीच.

ज्या लोहमार्गाने आजोबा पोटासाठी सुरतेस आले, त्याच मार्गाने त्यांच्या घराची स्मृती वर्षातून एकदा खानदेशात परत जाईल. गावच्या घरी, जुन्या ट्रंकेत, कोरड्या कापडात गुंडाळून ती ठेवावी. वर तारीख लिहावी, आणि ती कोणत्या संगणकास कशी जोडायची हेही मराठीत स्वच्छ लिहून ठेवावे. पुढे ती उघडणारा त्या वेळी कदाचित दहा वर्षांचा असेल.