बोलण्यातले खडे

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



'मी दोन शब्द बोलते' असे म्हणून मी सुरुवात करणार नाही. आपल्याकडे दोन शब्दांसाठी उभी राहिलेली बाई अर्ध्या तासाच्या आत खाली बसल्याचे माझ्या पाहण्यात नाही. मला दहा मिनिटे दिली आहेत, तेवढीच घेते.

माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. शुद्ध-अशुद्धाची पंतोजीगिरी मी करावी हे काही शोभणारे नाही. पण खडा दाताखाली आला की कळतो, त्याला शाळा लागत नाही. परके शब्द मला खड्यासारखे वाटत नाहीत. बटाटा, पगार, घमेले हे पोर्तुगीजांबरोबर आले आणि घरचेच होऊन राहिले. बोचते ते निराळेच. माझी मुलगी विचारते, "आई, तुझी मदत करू का?" अगं, 'तुला मदत' म्हण! (विचारते एवढेच, करत काही नाही, तो भाग वेगळा.) ही 'तुझी मदत' हिंदीतून आली आणि तिच्या पाठोपाठ 'खूप सारे' आले. 'खूप' म्हटल्यावर वर आणखी 'सारे' कशाला? भाजीवरची फुकटची कोथिंबीर का ती?

हे हसण्यावारी नेता येते. 'अपरोक्ष'चे मात्र तसे झाले नाही. काही वर्षांपूर्वी आपल्या भिशीत दोनशे रुपये कमी भरले. सभेच्या वहीत लिहिले गेले की 'खजिनदारबाईंच्या अपरोक्ष रक्कम मोजण्यात आली.' त्या हजर नव्हत्या, असे लिहिणारीला म्हणायचे होते. पण परोक्ष म्हणजे डोळ्यांआड आणि अपरोक्ष म्हणजे डोळ्यांसमोर. पुढच्या सभेत एकीने ते वाचून विचारले, "तुमच्यासमोर मोजले, मग तेव्हाच का बोलला नाहीत?" त्या बाई रडू लागल्या. दोनशे रुपये पुढे बेरजेच्या चुकीत सापडले. पण त्या बाई पुन्हा भिशीत आल्या नाहीत.

आता जरा अवघड बोलते. काही शब्द अगदी शुद्ध असतात, तरी दगडासारखे लागतात. माझ्या सासूबाई तीन वर्षे अंथरुणाला खिळून होत्या. त्या गेल्या तेव्हा भेटायला येणारी प्रत्येक जण म्हणे, "सुटल्या हो बिचाऱ्या!" आणि मग माझ्याकडे पाहून, "तुम्हीही सुटलात." तीन वर्षे मी त्यांची वेणी घातली होती. चार वाजले की आम्ही दोघी चहा घेत असू. त्या गेल्यावर पाचव्या दिवशी मी सवयीने दोन कप भरले आणि तशीच बसून राहिले. ही का माझी सुटका? मोबाईलवर मंडळाच्या गटात 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली होती. दुसऱ्या सकाळी तिच्याच खाली कुणाच्या वाढदिवसाचा केक!

मला राग आला. मग आठवले की आदल्याच वर्षी आपल्याच गल्लीत एका दारात उभी राहून मीही "सुटल्या" म्हणून आले होते. त्या घरच्या सूनबाई आज समोर बसल्या आहेत. वहिनी, तेव्हा तुम्ही काही बोलला नाहीत.

गेल्या श्रावणात शेजारच्या वहिनींची आई गेली. मी पिठले-भात घेऊन निघाले. जिना चढताना काय बोलावे ते सुचेना. येणारा प्रत्येक शब्द कुणाच्या तरी तोंडचा उष्टा वाटे. आत जाऊन बसले आणि विचारले, "आई तुम्हाला काय म्हणून हाक मारायच्या हो?"

"बाळी," त्या म्हणाल्या. पंचावन्न वर्षांच्या त्या बाई 'बाळी' म्हणताना हसल्या आणि मग आईचे सांगू लागल्या. पिठले गार झाले. मी उठून पुन्हा गरम केले. त्या अजून सांगतच होत्या.