जाते गेले, ओवीचे काय?

महाराष्ट्रातील स्त्रिया कांडताना ओवी गातात, अशी नोंद चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात आढळते. ग्रंथ इसवी सन ११२९ च्या सुमाराचा. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये जिच्यातून गीतेचा अर्थ सांगितला, ती ओवी त्यापूर्वीच मुसळाच्या ठेक्यावर बायकांच्या कंठी रुळली होती. पुढे जात्याच्या घरघरीशी तर तिचे नाते अतूटच झाले.

मग गावोगावी पिठाची गिरणी आली. पहाटेच्या काळोखात उठून खुंट्याला हात घालणे हे दुरून काव्यमय वाटते. ओढणारीला ते कष्टच होते. आज दिल्लीच्या लक्ष्मीबाई नगरात पिठाची पिशवी उघडणाऱ्या मराठी गृहिणीला कोणी पुन्हा दळायला बसविले, तर ती हसेल, आणि ते रास्तच होय. तथापि जात्याबरोबर एक आडोसाही गेला. ज्या सुनेला घरात तोंड वर करून बोलण्याची मुभा नव्हती, ती त्या घरघरीच्या आड माहेर, भाऊ, सासुरवास आणि विठ्ठल यांविषयी मनातले बोलून घेई.

ओवी जुनी, म्हणून ती बदलत नसे, हा समज मात्र खरा नव्हे. हेमा राईरकर आणि गी प्वातवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह खेडोपाडी हिंडून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. त्यांतील काही १९९६ मध्ये बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरात ध्वनिमुद्रित झाल्या. त्यांत बाबासाहेब आंबेडकरांचा गौरव आहे. चाल आजीची, आशय नातीचा! हा बदल कोणा सुधारकाने सुचविला नव्हता. गाणाऱ्या स्त्रियांनीच तो केला.

हा संग्रह २०१७ पासून गाणारणींच्या नावागावांसह संकेतस्थळावर प्रसिद्ध होऊ लागला. जुन्या ओव्यांची निगा त्यामुळे राखली गेली. पण नवी ओवी संग्रहात जन्मत नाही. उत्सवाच्या रंगमंचावर नऊवारी नेसून पुठ्ठ्याचे जाते फिरविल्यानेही ती सुचत नाही. चारचौघी एकत्र बसाव्यात, हात कामात असावेत आणि मनातले बोलताना कोणी टोकू नये, एवढेच तिला लागते. शेतातल्या खुरपणीत किंवा बचत गटाच्या बैठकीत तशी जागा मिळाली, तर तिथे ती पुन्हा सुचेल.

जाते परत येणार नाही, येऊही नये. त्याच्या आडोशाची गरज मात्र अद्याप सरलेली नाही.