पाढ्यांचा डाव

दिवेलागणीला परवचा म्हणण्याचा प्रघात ज्या घरांत अद्याप टिकून आहे, तेथील मुले बे एके बेपासून तीस दाहे तीनशेपर्यंतची मजल एका दमात मारतात, ह्याबद्दल मला आदरच वाटतो. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे ही त्याच शिस्तीची अपत्ये. रुपयाचे सोळा आणे होते तोवर बाजारात त्यांच्यावाचून पान हलत नसे, आणि १९५७ च्या एप्रिलात दशमान नाणी येताच त्यांचा दरारा ओसरला. पाढ्यांची गरज मात्र तसूभरही कमी झालेली नाही.

तथापि सलग म्हणणाऱ्या मुलाला ‘सात अठ्ठे किती?’ असे अवचित विचारले, की तो सात एके सातपासून मनातल्या मनात निघतो आणि बऱ्याच वेळाने छप्पन्नाच्या मुक्कामी पोचतो. त्याला क्रम पाठ झालेला असतो, गुणाकार नव्हे. आणि हा क्रम मोडण्यास छडीपेक्षा मैदान अधिक उपयोगी, असे माझे मत आहे.

दहा-दहा मुलांचे दोन संघ करावे आणि प्रत्येक संघातील मुलांच्या गळ्यांत शून्यापासून नऊपर्यंतचे आकडे लिहिलेले पुठ्ठे अडकवावे. समोर फक्कीने दशक व एकक असे दोन चौकोन आखावे. शिक्षकांनी ‘सात अठ्ठे’ म्हणताच पाच व सहा ह्यांनी धावत येऊन आपापल्या चौकोनात उभे राहावे. चौकोन आखण्याचा आग्रह अशासाठी, की समोर तोंड करून उभ्या राहिलेल्या मुलाची डावी बाजू ही पंचांची उजवी असते. आणि दोन व चार ह्यांनी जागांची अदलाबदल केली, तर सहा चोकचे उत्तर सहा सत्तेचे होऊन बसते. दोन ते नऊ ह्या अंकांच्या परस्पर गुणाकारात एकच अंक दोनदा आलेले उत्तर कधीच येत नाही, कारण तशी संख्या अकराच्या पटीतली असते. म्हणून दर संघास दहाच पुठ्ठे पुरतात. उरलेल्या मुलांनी पाटीवर उत्तर लिहून पंचांचा निवाडा तपासावा.

येथे एक अन्याय संभवतो. दोन आणि चार हे अंक प्रत्येकी दहा निरनिराळ्या उत्तरांत येतात, तर नवाला केवळ नऊ आणि एकोणपन्नास ह्या दोनच उत्तरांत धावण्याची संधी लाभते. सबब पाच-सात प्रश्नांनंतर पुठ्ठे बदलण्याचा शिरस्ता ठेवावा; एरव्ही नवाचा धनी कंटाळून चिमण्या मोजू लागतो, आणि त्यात त्याचा दोष नसतो.

चुकणाऱ्याला बाद करण्याचा मैदानी दस्तूर मात्र येथे मुळीच आणू नये. ज्याला सरावाची सर्वांत अधिक गरज, त्यालाच सर्वांच्या आधी बाहेर बसवणारा नियम शिक्षणाच्या नावाखाली चालवणे विपरीत आहे. संघातील सोबत्यांनी त्याला मोठ्याने हाका माराव्या, हात धरून चौकोनात न्यावे. हुशार मुलाला आपला संघ जिंकवायचा, तर मधल्या सुटीत दुबळ्या गड्याकडून पाढे घोकून घेण्याखेरीज गत्यंतर उरत नाही, आणि ही शिकवणी गुरुजींच्या शिकवणीहून पुष्कळदा अधिक लागू पडते.

शिक्षकबंधूंनी आणि भगिनींनी शनिवारच्या सकाळच्या शाळेत हा डाव मांडून पाहावा. आणि जिंकलेल्या संघास खाऊऐवजी पुढल्या डावाचे प्रश्न विचारण्याचा अधिकार द्यावा.