तुरुंगांतून कामावर

तुरुंग म्हटला कीं आपल्या डोळ्यांपुढें उंच भिंती, कुलुपें आणि खडी फोडणारे कैदी उभे राहतात. भिंतीबाहेर राहिलेल्या कुटुंबाची आठवण मात्र सहसा कोणास होत नाहीं. घरचा मिळवता माणूस सहा महिने आंत गेला, तर घरभाडें कोणीं द्यावें, मुलांच्या पोटांत काय घालावें, हा प्रश्न निकालपत्रांत नसतो. अमेरिकेंतील विस्कॉन्सिन राज्यानें तो १९१३ सालीं कायद्यांत आणला. त्या कायद्याविषयीं आज दोन शब्द सांगावयाचे आहेत.

अमेरिकेंत लांब मुदतीचे कैदी राज्याच्या मोठ्या तुरुंगांत जातात. कौंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागाचा, तुरुंग त्याहून निराळा. त्याचा कारभार बहुधा शेरीफकडे असतो. हा शेरीफ मुंबईच्या शेरीफप्रमाणें केवळ मानाचा नसून पोलिसी अधिकार असलेला अंमलदार होय. तेथें खटल्याची वाट पाहणारे लोक आणि बहुतेक करून वर्षाच्या आंतील शिक्षेचे कैदी असतात. इतक्या अवधींत सुतारकाम शिकवावयास घेतलें, तर हातास वळण लागण्यापूर्वींच माणूस सुटतो. मग त्याच्या वाट्यास पुष्कळदां स्वयंपाकघर, धोबीखाना व झाडलोट हींच कामें येतात. १८६५ सालच्या घटनादुरुस्तीनें गुलामगिरी बंद झाली. परंतु गुन्ह्याची शिक्षा म्हणून सक्तीचें काम त्यांतून वगळलें गेलें. त्यामुळें अनेक तुरुंगांत या कामाची मजुरी नाममात्र असते, किंवा मुळींच नसते.

राज्याच्या सीनेटचे सभासद हेन्री ह्यूबर यांच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या कायद्यानें निराळी वाट धरली. नवा धंदा शिकविण्यास वेळ नसेल, तर हातीं असलेला तरी मोडूं नये! किरकोळ गुन्ह्याचा कैदी दिवसा बाहेर नोकरीवर जातो आणि काम संपतांच तुरुंगांत परततो. परतला नाहीं, तर पळून जाण्याचा नवा गुन्हा त्याच्यावर येऊं शकतो. पुढें नोकरी शोधणें, शिक्षण घेणें, मुलांचा सांभाळ करणें, यांसाठींही ही मोकळीक मिळूं लागली. १९६५ सालीं मध्यवर्ती सरकारनेंही आपल्या कैद्यांसाठीं हीच प्रथा स्वीकारली.

आतां मजुरीचा हिशेब पाहा. न्यायालयाच्या हुकुमानें ती वांटावयाची, तेव्हां कायद्यानें क्रम घालून दिला आहे. प्रथम तुरुंगांतील जेवणखर्च, नंतर कामावर जाण्यायेण्याचा खर्च, तिसरें आश्रितांचें पोषण, चौथें देणींघेणीं, आणि उरलेली रक्कम सुटकेच्या दिवशीं कैद्याच्या हातीं. ज्या घराची चूल पेटती राहावी, त्याचा क्रम तिसरा! पगार तुटपुंजा असला, तर पहिल्या दोन रकमांतच तो सरावयाचा.

तुरुंगाचा खर्च करदात्यानें कां सोसावा, असें कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. परंतु घर मोडलें, नोकरी गेली, तर सुटलेला माणूस कोणत्या दाराशीं जाणार? त्या दिवशींचा खर्चही अखेर समाजासच भरावा लागतो. म्हणून कैद्याच्या कामाची परीक्षा करतांना एकच गोष्ट विचारावी : त्याच्या मजुरींतून घरीं किती पोंचलें?